फ्यूजची पेटी आणि सहीचा कागद

बैठकीपुढे कापसाचा भाव, पीककर्जाची थकबाकी, शेतीपंपाची वीज असे विषय पडलेले असताना या अंकाचे संपादकीय नेरूळच्या घरातल्या फ्यूजच्या पेटीवर का, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. कपाशी-ज्वारीच्या मुलखातून निघालेली कितीतरी पोरे आज नवी मुंबईत राहतात. मुंबईच्या घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भ्याला आल्या तशी हमालीला, मापाडीला, ड्रायव्हरकीला, पुढे कंपनीत आणि कचेरीत माणसे गेली, आणि आता तिथे आपल्या नातवंडांची घरे आहेत. हे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. विजेचा जो नियम नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला लागू आहे तोच नियम, अक्षर न बदलता, यवतमाळ-परभणीच्या पत्र्याच्या घरालाही लागू आहे. हाकेच्या अंतरावर वीज कंपनीची कचेरी, कोपऱ्यावर इलेक्ट्रिकचे दुकान, अशा ठिकाणी तो नियम कसा पाळला जातो हे पाहिले म्हणजे आपल्याकडे त्याचे काय होत असेल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

नेरूळ हेही मुळात शेतकऱ्याचेच गाव, हे विसरू नये. नेरूळ, शिरवणे, दारावे, करावे, सारसोळे या गावांची भातशेती, मिठागरे आणि खाडी होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. त्या जमिनीवर सिडकोने ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात अल्प उत्पन्न गटाच्या चाळीवजा इमारती, बैठी घरे आणि सोसायट्या उभ्या केल्या. आजच्या आपल्या विषयाची पेटी त्या घरांत टांगलेली आहे.

त्या काळच्या घराला वीज कशाला लागत होती? दोन-तीन दिवे, दोन पंखे, एखादा टीव्ही, फार तर इस्त्री. मीटरपासून निघालेली तार लाकडी फळीवरच्या मेन स्विचात यायची, तिथून चिनी मातीच्या दोन-चार किटकॅट फ्यूजांत. पुष्कळ घरांत तार ॲल्युमिनियमची. फ्यूज उडाला की घरातला कर्ता माणूस किटकॅट ओढून काढी, नवी तार गुंडाळी आणि परत खोची. हे आपल्याला नवे नाही, आपल्याकडे अजून तेच चालते.

आता त्याच घरात दोन हजार वॅटचा गिझर आहे, दीड टनाचे एअर कंडिशनर आहे, वॉशिंग मशीन आहे, इन्व्हर्टर आहे. गिझर जवळजवळ ९ अँपियर ओढतो, एअर कंडिशनर साडेसात-आठ, इस्त्री चार. तिन्ही एकदम चालली की वीस अँपियरच्या वर आकडा जातो, आणि पंधरा अँपियरचा फ्यूज पावसाळ्यातल्या बेडकासारखा उड्या मारू लागतो. मग घरमालक दुकानात जातो. दुकानदार सांगतो, अहो, हा जमाना किटकॅटचा नाही, एम.सी.बी.ची पेटी बसवून टाका. सामान घेतले की दुकानातलाच मुलगा दुपारी येतो, मेन स्विच पाडतो, फळी काढतो, चकचकीत पेटी ठोकतो, जुन्या तारा तिच्यात खोचतो, आणि फ्यूज उडू नये म्हणून बत्तीस अँपियरचा एम.सी.बी. टाकून देतो. दिवे लागतात. पैसे दिले जातात. काम झाले असे सगळे मानतात.

काम झालेले नसते, उलट बिघडलेले असते. फ्यूज किंवा एम.सी.बी. हा गिझरच्या रक्षणासाठी नसतो, माणसाच्या रक्षणासाठी तर नसतोच. तो भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. तार जितका प्रवाह न तापता सोसेल त्याच्या आत त्याने तुटले पाहिजे. अडीच चौरस मिलिमीटरच्या जुन्या ॲल्युमिनियम तारेवर बत्तीसचा एम.सी.बी. टाकला म्हणजे भिंतीतली तार हाच फ्यूज झाला. ती पेटली की बटण खाली पडेल, पण तोवर लाकडी पट्टी आणि पडदा पेटलेला असेल. तार बघून एम.सी.बी. निवडायचा असतो, भार बघून नाही. भार जास्त असेल तर तार बदलायची. शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागू नये. मोट फाटते म्हणून कोणी नाडा जाड करत नाही.

आता नियम काय म्हणतो ते बघू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला पंचेचाळिसावा नियम असा होता, की घरातल्या वीजजोडणीचे कोणतेही काम, त्यात वाढ, बदल आणि दुरुस्ती हे सगळे आले, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावे, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून. सूट एवढीच, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांची अदलाबदल, आणि तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. २००३ साली नवा वीज कायदा आला, २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे विनियम काढले, २०२३ साली ते पुन्हा नव्याने काढले. आकडे बदलले, कलमे पुढेमागे झाली, गाभा तोच राहिला.

म्हणजे उडालेल्या फ्यूजात नवी तार घालणे हे तुमचे-आमचे काम. तडकलेला किटकॅट काढून तसाच दुसरा बसवणे हेही चालेल. पण पेटीच काढून तिच्या जागी वेगळ्या क्षमतेची, वेगळ्या जातीची पेटी बसवणे हा बदल झाला. त्याला परवानाधारक लागतो आणि काम झाल्यावर तपासणी लागते. परवाना नसलेल्याने केलेली जोडणी चालू करू नये, असेही त्याच नियमात होते. नेरूळच्या दुकानातल्या त्या मुलाकडे परवाना असतो का? क्वचित असतो. मग कागद कुठून येतो? कागद लागतच नाही, कारण कोणी मागतच नाही. कागद लागतो तो नवे मीटर घेताना किंवा मंजूर भार वाढवताना. त्या वेळी अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, आणि त्यावर परवानाधारकाची सही लागते.

टेस्ट रिपोर्ट हा शब्द शेतकऱ्याला शिकवायला नको. मोटरीचे कनेक्शन मागताना वीज मंडळाच्या काळात तो सर्वांनी दिला आहे. मंडळ २००५ साली मोडले, महावितरण आले, टेस्ट रिपोर्ट राहिला. या कागदावर आकडे लिहायच्या जागा असतात. ते आकडे यंत्र लावून काढायचे असतात. किती जणांच्या विहिरीवर कोणी यंत्र घेऊन आले होते? सही करणाऱ्याने विहीर पाहिली होती का? ज्याच्याकडे खरोखर तपासणी झाली असेल त्याने बैठकीत हात वर करावा, आपण त्याचा नारळ देऊन सत्कार करू.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. ठाऊक नसले की माणूस मागत नाही, आणि मागत नाही म्हणून कोणी करत नाही. पेटी बदलल्यावर वीज चालू करण्याआधी पहिली पाहणी अर्थच्या तारेची. नव्या पेटीपासून प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटापर्यंत ही तार सलग पोचते का, हे मीटर लावून बघायचे. जुन्या घरांत ही तार वाटेतच संपलेली सापडते, किंवा तिसऱ्या भोकात काही जोडलेलेच नसते. भोक असते, तार नसते. दुसरी तपासणी मेगरची. सगळी उपकरणे काढून ठेवायची, दिवे उतरवायचे, स्विच चालू ठेवायचे आणि फेजची तार व अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब मिनिटभर द्यायचा. तारेवरचे वेष्टन शाबूत असेल तर रोध निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, दाखवला पाहिजे. हाही १९५६ पासूनचाच आकडा आहे. उंदराने कुरतडलेली, ओलीने कुजलेली, खिळा घुसलेली तार इथे पकडली जाते. डोळ्यांना ती दिसत नाही, टेस्टरच्या दिव्यालाही नाही.

तिसरी गोष्ट फेज आणि न्यूट्रलची. स्विच आणि फ्यूज फेजमध्येच असला पाहिजे. जुन्या फळ्यांवर फेजला एक किटकॅट आणि न्यूट्रललाही एक असे जोडीने बसवलेले असत. नुसत्या न्यूट्रलमध्ये फ्यूज घालायला नियमाने मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, घरातल्या माणसाला वाटते लाइट गेली. तारेत मात्र फेज जिवंत असते. तो स्टुलावर चढून होल्डरला हात घालतो. तोडायचे तर दोन्ही एकदम तोडणारा स्विच हवा, नाहीतर न्यूट्रल सलग हवी. पेटी बदलताना जुना न्यूट्रलचा किटकॅट तसाच मागे राहून गेला, तर एम.सी.बी. कितीही महागाचा असो, हा सापळा घरात राहतोच.

यानंतर वीज चालू करून उरलेल्या तपासण्या. त्यातली मोठी अर्थिंगची, आणि इथे नेरूळ आणि आपला मुलूख यांच्या वाटा वेगळ्या होतात. नेरूळची जमीन खाडीकाठची, खारी आणि ओली. तिथे पाइप पुरला की अर्थिंग चांगले येते, पण खाऱ्या मातीत लोखंड लवकर कुजते, आणि वरून धड दिसणारा पाइप आत जमिनीत झडून गेलेला असतो. आपल्याकडे उलट. काळी जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी आणि चैत्रात भेगाळलेली, माळावर तर खाली मुरूम. जुलैत घेतलेला अर्थिंगचा आकडा मे महिन्यात खरा राहत नाही. माती सुकली की ती वीज वाहत नाही आणि अर्थिंगचा रोध चढतो.

याचा हिशोब शेतकऱ्याने मनात पक्का करून ठेवावा. घरातल्या कूलरच्या पत्र्याला फेज लागली आहे आणि अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे, असे धरा. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपियर. पाच अँपियरचा फ्यूजसुद्धा याने उडत नाही, पंधराचा तर ढिम्म हलत नाही, आणि कूलरचा पत्रा तसाच जिवंत राहतो. अर्थिंग बरे आहे, १० ओहम आहे, असे धरले तर २३ अँपियर जातील. तरीही पंधरा अँपियरची फ्यूजची तार लगेच वितळेलच असे नाही, कारण ती आपल्या लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाहापर्यंत तग धरते. सोळाचा एम.सी.बी.ही तत्काळ पडण्यासाठी याच्या किती तरी पट प्रवाह मागतो. आणि माणसाला मरायला किती लागतो? अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो. फ्यूजला त्याची गंधवार्ताही नसते. ज्याला करंट लागला तो चिकटून राहतो आणि फ्यूज शाबूत राहतो. गावोगाव हे घडले आहे.

याला उपाय म्हणून जे यंत्र आहे त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. जितकी वीज फेजने आत गेली तितकीच न्यूट्रलने परत आली का, हे ते सतत तोलत असते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडते, फरक मोठा असला तर आणखी लवकर. वर सांगितलेल्या कूलरच्या उदाहरणात अर्थिंग ५० ओहमचे असले तरी हे यंत्र पडेल. म्हणजे ज्यांची जमीन कोरडी, ज्यांचे अर्थिंग उन्हाळ्यात दगा देते, त्यांना या यंत्राची गरज खाडीकाठच्या माणसापेक्षा जास्त. आता सरकारचे शहाणपण बघा. गळती तोडणारे यंत्र लावण्याची सक्ती नियमात आली ती मोठ्या भाराच्या जोडण्यांना. लहान भाराच्या घराला त्यातून सूट मिळत आली. गरिबाच्या डोक्यावर खर्च नको अशी दयाबुद्धी त्यामागे असेल. पण विजेचा धक्का मंजूर भार बघून बसत नाही. पत्र्याचे घर, ओली जमीन, अनवाणी पाय आणि एका दिव्याचे मीटर, अशा घरात तो सर्वांत जास्त बसतो.

हे यंत्रही आंधळेपणाने बसवून भागत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले तर त्याला फरक दिसत नाही, ते पडणार नाही. जास्त भाराने तार तापली तरी ते पडत नाही, म्हणून एम.सी.बी. जोडीला लागतोच. सर्व्हिस वायर मीटरच्या आधीच पत्र्यावर घासत असेल किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला टेकत असेल तर घरातले कोणतेही यंत्र कामाचे नाही, ती दुरुस्ती वीज कंपनीची. शिवाय जुन्या घरांत दोन खोल्यांच्या न्यूट्रल एकमेकींत गुंतवलेल्या असतात. तिथे हे यंत्र बसवले की ते विनाकारण पडत राहते. मग वायरमन काय करतो? गुंता सोडवत नाही, यंत्राला बगल देऊन तार सरळ जोडतो. पेटीत यंत्र दिसते, उपयोग शून्य. म्हणून त्यावरचे टी अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचे. दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली तर पैसे परत मागा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. त्यात अलीकडच्या वर्षांत देशभरात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसे गेल्याची नोंद आहे. बॉम्बस्फोटात इतकी माणसे गेली असती तर दिल्ली हादरली असती. ही माणसे एकेकटी मरतात, कोणी मोटर चालू करताना, कोणी मिक्सरला हात लावताना.

आणि मेल्यावर कागद आठवतो. विजेने अपघात झाला की विद्युत निरीक्षक चौकशी करतो. पहिला प्रश्न असा, की दोष कंपनीच्या बाजूचा की ग्राहकाच्या? मीटर आणि तिथला कंपनीचा कटआउट इथपर्यंतची जबाबदारी कंपनीची, त्यापुढची ग्राहकाची. दोष पेटीत सापडला की दुसरा प्रश्न येतो, पेटी कोणी बसवली? ठेकेदाराचे नाव नाही, परवाना नाही, तपासणीचा आकडा नाही. मग घरातला माणूस गमावून वर दोषही घराच्याच पदरात पडतो आणि भरपाईची गोष्ट तिथेच संपते. ज्या कागदाला आपण बाबूची कटकट समजलो तो अशा वेळी आपल्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार असतो.

इथे चळवळीतला कोणी कार्यकर्ता उठून म्हणेल, आयुष्यभर आपण लायसेन्स-परमिटच्या राज्याविरुद्ध बोललो, इन्स्पेक्टर आला की चहापाणी मागतो हे सांगत आलो, आणि आता संपादक घरातल्या पेटीलाही इन्स्पेक्टर आणायला निघाले की काय? शंका योग्य आहे. नियमाचे पुस्तक वाढवून काही साधत नाही, हे या विषयाइतके दुसरीकडे क्वचित दिसेल. १९५६ च्याच नियमांत लिहिले होते, की जोडलेल्या प्रत्येक जोडणीची तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हावी, निरीक्षकाने करावी किंवा वीज देणाऱ्याने करावी. आपल्या घरी गेल्या पन्नास वर्षांत दर पाच वर्षांनी कोण आले? घरगुती बिलावर विद्युत शुल्क मात्र महिन्याच्या महिन्याला न चुकता येत राहिले. लाखो घरे आणि मूठभर निरीक्षक असा हिशोब असला की नियम पाळला जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. असा नियम फक्त दोन वेळा जागा होतो, सही विकताना आणि दोष ढकलताना.

दुसरी वाट आहे आणि ती जगात चालू आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून घरातल्या विजेच्या कामाला इमारत नियमांचा पी हा भाग लागू झाला. २०१३ साली इंग्लंडने त्यातली बरीच बारीकसारीक कामे सूचनेच्या यादीतून काढून टाकली, पण फ्यूजची पेटी बदलणे यादीतच ठेवले. तिथे इन्स्पेक्टर घरी येत नाही. नोंदणी झालेला कारागीर काम करतो, स्वतः तपासतो, तपासणीचे आकडे लिहून सही करतो आणि त्याची प्रत घरमालकाला मिळते. स्थानिक कचेरीला कळवण्याचे काम त्याची नोंदणी करणारी संस्था करते. काम चुकीचे निघाले तर सही करणारा अडकतो. नोंदणी नसलेल्याने काम केले तर स्थानिक कचेरीला आधी कळवून तपासून घ्यावे लागते. २०१६ पासून तर तिथे घरातली पेटी न जळणाऱ्या वस्तूची, म्हणजे बहुधा पोलादी पत्र्याची, असावी असे ठरले, कारण प्लास्टिकच्या पेट्यांत सैल स्क्रू तापून आगी लागत होत्या. आपल्याकडची ॲल्युमिनियमची तार तर स्क्रूखाली आपोआप सैल होते. पेटी बसवल्यावर सहा महिन्यांनी, मेन बंद करवून, स्क्रू पुन्हा आवळून घेणे याला कोणताही परवाना आडवा येत नाही, फक्त जाणत्या वायरमनला सांगावे लागते.

आपल्याकडेही २०१० नंतरच्या विनियमांनी ठराविक दाबाखालच्या जोडणीला मालकाच्या स्व-प्रमाणपत्राची वाट दाखवली. वाट चांगली आहे, पण ज्याच्या हाती मेगर नाही त्याने कशाचे प्रमाणपत्र द्यायचे? चावी तिथेच आहे. गावातला वायरमन अडाणी नसतो. मोटर बांधणारा, डी.पी.वरचा आवाज ऐकून फेज गेली हे सांगणारा पोरगा गावोगाव आहे. त्याच्याकडे नाही ते यंत्र आणि परवाना. परवान्याची परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये, मराठीत, हाताने काम करून दाखवण्याची घ्या. पास होईल त्याला परवाना द्या, आणि त्याच्या सहीला किंमत आणा. चुकीची सही सापडली तर परवाना जावा, खरी असेल तर कोणा निरीक्षकाने तिच्यावर आणखी शिक्का मारायला येऊ नये. सहीचा धंदा बंद पडायला एवढे पुरेल. त्यासाठी सरकारला नवे खाते लागत नाही.

नेरूळच्या मंडळींना निरोप धाडायचा तो सोपा आहे. सोसायटीतली पेटी बदलणार असाल तर एकेकट्याने दुकान गाठू नका. दहा-वीस घरांनी मिळून परवानाधारक ठेकेदार ठरवा, परवान्याचा क्रमांक बिलावर लिहून घ्या, मेगर आणि अर्थिंगचे यंत्र घेऊन येण्याची अट आधी घाला. एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. दोन्हींवर आय.एस.आय.चे चिन्ह पाहून घ्या, २००३ च्या आदेशाने ते सक्तीचे केलेले आहे. भार वाढणार असेल तर तो कंपनीकडे मंजूर करून घ्या. गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या नकाशाचा वाद चालायचा तो चालू दे, नकाशा नसलेल्या घरातही पेटी तपासता येते.

आपल्या जिल्ह्यांतले काम वेगळे आहे. इथे पेटी बदलण्याआधी पेटी येऊ द्यावी लागेल. मीटरच्या फळीवर उघडा किटकॅट, त्यात फ्यूजतारेच्या जागी सर्व्हिस वायरचा धागा, मोटरीच्या स्टार्टरमध्ये कंडेन्सर लावून दोन फेजवर काढलेली रात्र, हे चित्र आपण सगळे ओळखतो. रात्री-अपरात्री येणारी आणि मध्येच जाणारी वीज दिली की शेतकरी फ्यूजात जाड तार घालणारच, पीक वाळू द्यायचे की फ्यूज जपायचा एवढीच निवड त्याच्यापुढे ठेवलेली असते. वीज धड द्या ही मागणी आणि पेटी धड ठेवा हा आग्रह एकाच ठरावात मांडला पाहिजे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन वस्तू आणाव्यात. आपल्या पंपाच्या किंवा घराच्या टेस्ट रिपोर्टाची झेरॉक्स, मिळाली तर. गावात गेल्या पाच वर्षांत विजेने दगावलेल्या माणसांची आणि जनावरांची यादी, त्यात दोष कोणाच्या बाजूचा ठरला आणि भरपाई मिळाली की नाही हे लिहून. आणि गावात हाताने विजेचे काम करणाऱ्या पोरांची नावे, परवाना असो वा नसो. मेगर विकत घ्यायला तालुक्याने वर्गणी काढावी की जिल्ह्याने, हे बैठकीत ठरेल. यंत्र आले की पहिली तपासणी बैठक ज्या हॉलमध्ये आहे त्या हॉलच्या फळीची करू. त्या फळीला अर्थिंगची तार आहे की नाही हे येताना दारातच पाहून घ्या.